पिवळा ठिपका

सांगलीहून मिरजेला जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमचं गॅरेज लागतं. १९९८ साली पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केलं. तेव्हा जवळ होतं काय, तर पान्यांचा एक डबा, उस्तादांनी दिलेला हवेचा हातपंप आणि बसायला एक बाकडं. आज सहा माणसं काम करतात, चार लिफ्ट आहेत, पार्टचं काउंटर आणि हिशेब माझी बायको बघते. हे सगळं कसं झालं ते लिहून काढ, असं भाऊ बरेच दिवस म्हणत होता. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की आमच्या वाटचालीचे दोन भाग पडतात. एक २००१ च्या दसऱ्याआधीचा, एक त्यानंतरचा.

आधीचं थोडक्यात सांगतो. आयटीआय झाल्यावर चार वर्षं उस्तादांच्या हाताखाली होतो. राजदूत, येझदी, एम-८०, सीडी हंड्रेड आणि नवीन आलेली स्प्लेंडर, सगळ्या गाड्या तिथंच हाताखालून गेल्या. उस्ताद गाडी लांबून येताना ऐकूनच सांगायचे, टॅपेट वाजतंय का टायमिंग चेन. तो कान मला त्यांच्याकडून मिळाला आणि त्यावरच माझं पोट चाललं. पण त्या काळी सगळीकडं चालायचं तेच तिथंही चालायचं. पार्ट धुवायला घमेल्यात उघडं पेट्रोल. ब्रेक लायनरवरची, म्हणजे चाक थांबवायला ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांवरची, धूळ तोंडानं नाहीतर हवेनं उडवायची, आणि त्या वेळच्या कित्येक लायनरमध्ये फुप्फुसाला घातक असं अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. नट किती आवळायचा? हाताला पुरे वाटेल तेवढा. मीही तसंच शिकलो आणि तसंच करत होतो.

२००१ ला खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं पाय ठेवायला जागा नव्हती. दसऱ्याला गाडी धुऊन, सर्व्हिसिंग करून, झेंडूचा हार घालायचा, म्हणून सगळ्यांना आजच पाहिजे. त्यात एक दूधवाले आण्णा आले. सीडी हंड्रेड, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. म्हणाले, "मालक, मागचा ब्रेक लागत नाही, संध्याकाळचं दूध घालायचंय." मी स्वतः चाक खोललं, नवीन लायनर घातले, चाक बसवलं. मध्येच दोघंतिघं गाडी न्यायला आले, त्यांचे पैसे घेतले, परत येऊन ब्रेकचा रॉड अ‍ॅडजस्ट केला, दाबून बघितला, चांगला लागला. आण्णा गेले.

मागच्या ड्रम ब्रेकची जी प्लेट असते ती चाकाबरोबर फिरू नये म्हणून एका लोखंडी पट्टीनं चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांना, बांधलेली असते. त्या पट्टीच्या बोल्टला नट, आणि नट सुटू नये म्हणून त्यात स्प्लिट पिन, घातल्यावर तिचे दोन पाय फाकवायचे. बोटाच्या पेराएवढी पिन, तेव्हा रुपयालासुद्धा महाग नव्हती. रात्री आवराआवर करताना ट्रेमध्ये ती पिन मला दिसली. शेजारी वायसर. माझ्या पोटात गोळा आला. नट मी हातानं फिरवून ठेवला होता, आवळायचा राहिला होता. आण्णांचा फोन नंबर कुठला असणार तेव्हा! गाडी काढून त्यांच्या गावाच्या रस्त्याला लागलो. वाटेतच कळलं.

नट गळून पडला, पट्टी सुटली. उतारावर आण्णांनी ब्रेक दाबला आणि अडवायला काही नसल्यामुळं प्लेट चाकाबरोबर फिरली, रॉड ओढला गेला, मागचं चाक जागेवर जाम झालं. आण्णा रस्त्यावर, अंगावर गाडी. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. कॅनची झाकणं उडालेली, डांबरावर दूधच दूध. मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता, ड्रायव्हरनं वेळेत थांबवला म्हणून आण्णा राहिले.

दवाखान्याचा खर्च मी दिला, दोन महिने त्यांचं रतीब माझ्या भावानं घातलं. आण्णा काही बोलले नाहीत. त्यांच्या आई मात्र मला म्हणाल्या, "तुझ्या हातात गाडी देतो म्हणजे माणूस देतो रे बाबा." अपघाताच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. पाने, हातोडी, पक्कड मांडून हळद-कुंकू वाहायचं असतं. त्या वर्षी मला त्या पान्यांना हात लावून नमस्कार करवला नाही.

त्यानंतर आमच्याकडं एक नियम झाला आणि तो आजपर्यंत मोडलेला नाही. ज्यानं काम केलं त्यानं गाडी सोडायची नाही. दुसऱ्या माणसानं बघायची, आणि मगच सोडायची. चाकाचे नट, ब्रेकची पट्टी, डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट, हँडलचे बोल्ट, हे पाना लावून तपासायचे आणि प्रत्येकावर पिवळ्या ऑइल पेंटचा ठिपका द्यायचा, अर्धा नटावर, अर्धा बोल्टवर. पुढच्या वेळी ठिपक्याचे दोन भाग एका रेषेत नसतील तर नट फिरलाय, हे न खोलता दिसतं. मग वहीत दोघांच्या सह्या. कारखान्यांत ही पद्धत जुनीच आहे, कुपवाड एमआयडीसीत काम करणाऱ्या एका गिऱ्हाइकानं मला ती सांगितली. रस्त्याकडेच्या गॅरेजला कशाला पाहिजे, असं त्या वेळी बरेच जण म्हणाले.

टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकंच आवळता येणारा पाना, घ्यायला मला आणखी दोन वर्षं लागली, कारण त्याची किंमत आमच्या शेडच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी होती. बायकोनं भिशीचे पैसे पुढं केले. लोकांना वाटतं टॉर्क पाना ढिलं राहू नये म्हणून. खरं तर आमच्याकडं जास्त गाड्या येतात त्या आवळून मारलेल्या. इंजिनखालचा ऑइलचा बोल्ट लोखंडाचा, आटे अ‍ॅल्युमिनियमचे. पान्याला पाइप घालून आवळला की आटे गेलेच. मग शंभर रुपयांच्या ऑइल बदलीला हजाराचं काम निघतं. आपल्या मिस्त्री लोकांचा हात जड असतो, आणि त्याचं आपल्याला कौतुकही असतं. ते कौतुक महागात पडतं.

पेट्रोलचं घमेलं बंद करणं त्याहून अवघड गेलं. पेट्रोल मळ पटकन काढतं, लगेच वाळतं, हाताला सवय झालेली. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते, आणि आमच्या भिंतीला लागून वेल्डिंगचं दुकान होतं. एवढं सांगितल्यावर पोरांना पटलं. आता पार्ट धुवायचं वेगळं द्रावण झाकणाच्या टबात असतं, हातात रबरी मोजे असतात. पेट्रोलची टाकी वेल्डिंगला आम्ही देत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. "रिकामी आहे हो," म्हणतात. रिकामी टाकीच जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात.

जुन्या ऑइलचंही तसंच. पूर्वी सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला कॅन भरून न्यायचे, कुणी वाळवीसाठी न्यायचं, उरलेलं गटारात. कायद्यानं वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. आम्ही ते पिंपात साठवतो आणि परवाना असलेल्या माणसालाच देतो, त्याची पावती ठेवतो. सेंट्रिंगवाले अजूनही विचारतात. त्यांना नाही म्हणताना वाईट वाटतं, ओळखीची माणसं आहेत.

एक गोष्ट मात्र मी कुठंही दिसली की थांबून सांगतो. गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, गिअर टाकलेला, चाक गरगरतंय आणि पोरगा फडकं धरून चेन पुसतोय. फडकं स्प्रॉकेटमध्ये, चेनच्या दातेरी चक्रात, ओढलं जायला डोळ्याचं पातं लवायचा वेळही लागत नाही, आणि फडक्याबरोबर बोटं जातात. चेन साफ करायची तर किल्ली काढून खिशात, गिअर न्यूट्रल, चाक हातानं फिरवायचं. पाच मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमच्या गॅरेजपर्यंत पाणी आलं नाही, पण गावभागातल्या, मारुती चौकातल्या गाड्या आठ-आठ दिवस पाण्याखाली होत्या. पाणी उतरायला लागलं तसं आम्ही पहिलं काम केलं ते म्हणजे फोन. वहीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच निरोप: किक मारू नका, सेल्फ दाबू नका, ढकलत आणा नाहीतर टेम्पोत घाला. सिलिंडरमध्ये पाणी असलं आणि इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. वाळवून, नुसता प्लग पुसून किक मारलेल्या गाड्याही आल्या. त्यांचं इंजिन पूर्ण खोलावं लागलं.

बाकीच्यांचं काम असं चालायचं. आधी बॅटरी काढायची. मग प्लग काढायचा. इंजिनचा खालचा बोल्ट सोडला की दुधाळ चहासारखं काहीतरी यायचं, ऑइल आणि पाणी घुसळलेलं. नवं ऑइल भरायचं, प्लग न लावताच सावकाश किकनं फिरवायचं, काढून टाकायचं, परत भरायचं. तिसऱ्या वेळी रंग नीट यायचा. टाकी पूर्ण रिकामी करायची, कारण पाणी पेट्रोलच्या तळाशी बसतं. ब्रेक ड्रम उघडला की आत मऊ काळा गाळ, अगदी कुंभाराच्या मातीसारखा. चाकाच्या बेअरिंगमध्ये तोच. नुसतं इंजिन चालू करून गाडी दिली असती तर लोकांनी पैसेही दिले असते आणि आभारही मानले असते, पण ब्रेकमधला गाळ कुणाला दिसला असता? पोरांना गमबूट आणि मोजे सक्तीचे केले होते, त्या पाण्यात मेलेली जनावरं वाहून आली होती, लेप्टोची, त्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती होती. तीन आठवडे आम्ही रात्री अकरापर्यंत होतो. ज्यांचं घर बुडालं त्यांच्याकडून फक्त पार्टचे पैसे घेतले. तेव्हाही एकही गाडी दोन सह्यांशिवाय गेली नाही. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा बहुतेक लोकांनी आमच्या फोनची वाट न बघता गाड्या ढकलत आणल्या.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाडीच्या धुराचे कडक नियम आले आणि हवा-पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा कार्बोरेटर जवळजवळ संपला. माझ्या वयाच्या कित्येक मिस्त्रींनी तिथं हात टेकले. कार्बोरेटरला पेट्रोल आपोआप खाली उतरायचं, आता पंप ते अडीच-तीन बार दाबानं ढकलतो. जुन्या सवयीनं पाइप उपसला की पेट्रोल तोंडावर, नाहीतर गरम सायलेन्सरवर. आधी दाब उतरवायचा, इंजिन गार होऊ द्यायचं, हे आम्हाला नव्यानं शिकावं लागलं. भाऊ ट्रेनिंगला गेला, बिघाड दाखवणारा स्कॅनर घेतला. डिस्क ब्रेकही आता साध्या गाड्यांना आहेत. नवीन पॅड घालताना कॅलिपरचा पिस्टन आत ढकलतात, मग पहिले काही वेळा लिव्हर पोकळ जातो. उभ्या गाडीवर लिव्हर दाबत राहून तो कडक झाल्याशिवाय कुणी ट्रायलला बसायचं नाही, आणि ट्रायल हेल्मेटशिवाय नाही. गेटाजवळ दोन हेल्मेट टांगलेली असतात.

आमच्याकडं वेळ जास्त लागतो, अशी तक्रार आहे. खरी आहे. काही गिऱ्हाइकं त्यामुळं गेली, त्यांना मी दोष देत नाही, कुणाला कामावर वेळेत पोचायचं असतं. दसऱ्याच्या आधीचे दोन दिवस आता आम्ही मोजक्याच गाड्या घेतो. त्या दिवसांत सगळ्यात जास्त धंदा होतो, हे बायको दर वर्षी हिशेब मांडून दाखवते, आणि आकडा मांडून झाला की फळ्यावर "आज गाडी घेणार नाही" हेही तीच लिहिते. आण्णा आता थकले, दूध त्यांचा मुलगा घालतो. गाडी आमच्याकडंच असते.

गेल्या महिन्यात मी त्याच मुलाच्या गाडीचे मागचे लायनर बदलले. हे काम अजून मी दुसऱ्या कुणाला देत नाही. तपासायला आमच्याकडं सहा महिन्यांपूर्वी लागलेला आयटीआयचा पोरगा होता. त्यानं टॉर्च घेऊन चिमट्याखाली बघितलं, पाना लावला, परत वाकून बघितलं आणि वही माझ्याकडं सरकवली, सही न करता. जरा घाबरतच म्हणाला, "मालक, पिन घातलीय, पण तिचे पाय फाकवले नाहीत."

मी खाली बसलो, पक्कड घेतली आणि दोन्ही पाय नीट वळवले. मग त्यानं ठिपका दिला आणि सही केली.