गॅस संपला असेल

सोलापुरात एप्रिल सुरू झाला आणि गाडीचा एसी गार करत नाही असे कोणाला सांगितले, की ऐकणारा वकील असो वा मार्केट यार्डातला कांद्याचा अडत्या, निदान ठरलेले असते : "गॅस संपला असेल, भरून घ्या." पारा 42-43 अंशांवर गेलेल्या गावात या निदानावर वाद घालण्याइतका धीर कोणाजवळ उरत नाही. मला मात्र ते कधी पटलेले नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कूलिंग कॉइलमध्ये द्रवाचा वायू होताना गाडीतली उष्णता शोषून घेतो आणि पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव होताना तीच उष्णता बाहेर टाकतो. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी गळाला आहे, आणि गळती न शोधता तो पुन्हा भरणे म्हणजे फुटक्या रांजणात घागरी ओतणे होय.

म्हणून मी दुरुस्तीला गॅसऐवजी हवेपासून सुरुवात करतो, कारण घरच्या माणसाला जमण्याजोगे काम बहुधा तिथेच असते. बऱ्याच गाड्यांत डाव्या बाजूचा कागदपत्रे ठेवण्याचा खण उतरवला की त्यामागे केबिन फिल्टर हाती लागतो. काही जुन्या गाड्यांत तो मुळातच नसतो. साधारणपणे 10 ते 15 हजार किलोमीटरला तो बदलावा असे सांगितले जाते, पण हा हिशेब सोलापूरच्या धुळीला विचारून केलेला नसावा. यंत्रमागांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या फिल्टरवर धुळीबरोबर सुताच्या तुसाचा थर बसतो, त्यात कडुनिंबाची वाळकी पाने अडकतात, आणि मग ब्लोअर चारवर ठेवला तरी वारा एकचा येतो. कॉइल आत बर्फासारखी गार असते. तिच्यावरून हवाच जात नसते.

कंडेन्सरचेही तसेच. रात्री पुण्याहून परतताना महामार्गावरचे किडे त्याच्या पापुद्र्यांत चिकटून बसतात आणि उष्णता बाहेर पडण्याची वाट बुजते. इंजिन थंड असताना बागेच्या नळीने हलक्या धारेने तो धुवावा. सर्व्हिस सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्याने पापुद्रे वाकतात आणि साफसफाईच नुकसान करून जाते.

आमच्या शेजारच्या अण्णांचे आयुष्य यंत्रमागांच्या फिटिंगमध्ये गेले. कोणाचेही बॉनेट उघडले की ते न बोलावता येतात. "मास्तर, दाब मोजायचे गेज कशाला, आधी कान लावून बघा की," असे ते म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. अनेक गाड्यांत एसीचे बटण दाबल्यावर गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा क्लच 'टक' असा आवाज करून पकड घेतो. तो आवाज आला नाही, तर फ्यूज आणि रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच) तपासावेत. हॉर्नचा रिले अगदी त्याच प्रकारचा असेल, तर अदलाबदल करून पाहता येते. आवाज येतो, पण सात रस्त्याच्या सिग्नलवर थांबले की गरम वारा आणि गाडी धावू लागली की गार, असे होत असेल, तर संशय कंडेन्सरला वारा घालणाऱ्या पुढच्या पंख्यावर घ्यावा. मात्र क्लच क्षणभर लागून पुन्हा सुटत असेल, तर गॅस खरोखरच कमी असण्याची शक्यता आहे : दाब फार उतरला की कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी एक स्विच त्याला बंद करतो.

इथे मी पाना खाली ठेवतो. आज रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्यांत आर-134ए हा वायू असतो. तो वातावरणाच्या साध्या दाबाला उणे 26 अंशांवर उकळतो, त्यामुळे निसटता द्रव बोटावर आला तर कातडी गोठते. एसी बंद असला, तरी 40 अंशांच्या उन्हात उभ्या गाडीच्या नळ्यांत वातावरणाच्या सुमारे दहापट दाब असतो. नट सैल करून पाहू, ही हौस तिथे चालत नाही. शिवाय हवेत सोडलेला हा वायू वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट तापवतो. म्हणजे आपल्या गारव्यासाठी तो मोकळा सोडून आपण पुढच्या उन्हाळ्यांची तरतूद करत असतो.

गॅरेजमध्ये मात्र मी खुर्ची बाहेर न मांडता गाडीजवळ उभा राहतो. गळती सापडली का, जोडाची ओ-रिंग म्हणजे रबरी कडी बदलली का, पंप लावून आतली हवा आणि ओल काढली का, आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले ग्रॅम काट्यावर मोजूनच भरले का, एवढे विचारले तरी कामाची तऱ्हा बदलते. "थोडा जास्त टाकतो, साहेब, ऊन लई आहे," या उदारपणाला नम्र नकार द्यावा, कारण जादा गॅसनेही गारवा घटतो.

परतल्यावर काचा लावून, आतलीच हवा फिरती ठेवून मी मधल्या झडपेशी थर्मामीटर धरतो. बाहेर 42 असताना तिथे 12 दिसले तरी माझे समाधान होते. अण्णांच्या मते आठ यायलाच हवेत. त्यांच्याकडे गाडी नाही.