अलाम्ब्राच्या तटबंदीआड दोन रात्री

दोघांनीच स्पेनमधल्या ग्रानादाला जायचं आणि एकदाच मनसोक्त खर्च करायचा, असं ठरलं असेल तर तो खर्च पारादोर दे ग्रानादामध्ये करावा (पारादोर म्हणजे स्पेन सरकारच्या साखळीतलं हॉटेल, बरेचदा जुन्या वास्तूतलं). हॉटेल चार तारांकित आहे. तेवढ्याच पैशांत खाली शहरात याहून ऐसपैस खोली मिळेल. पण पारादोर अलाम्ब्राच्या, म्हणजे टेकडीवरच्या जुन्या किल्ले-राजवाड्याच्या, तटबंदीच्या आत आहे. दिवसभराची गर्दी ओसरली की काये रेआल हा दगडी रस्ता जवळपास तुमचाच होतो. त्यासाठीच इथे राहायचं, आणि म्हणून एका रात्रीची खोली घेऊ नये. पहिली संध्याकाळ सामान लावण्यात जाते. दोन रात्री घ्या.

आधी तिकीट काढा, मग खोली. हा क्रम उलटला की पंचाईत होते. पारादोरच्या भाड्यात अलाम्ब्राचं तिकीट धरलेलं नसतं, आणि वसंतात किंवा शरदात ते कित्येक आठवडे आधीच संपलेलं असतं. तिकीट नावावर निघतं. ओळखपत्र म्हणून पासपोर्टचा नंबर दिला असेल तर मूळ पासपोर्ट जवळ हवाच, कारण तो आत एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहतात. नासरी राजवाड्यांची (इथल्या मुस्लिम नासरी घराण्याचे महाल, अलाम्ब्राचा मुख्य भाग) वेळ तिकिटावरच छापलेली असते आणि ती चुकली तर आत सोडत नाहीत. मुख्य प्रवेशद्वारापासून तिथवर चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. हे गणित न कळल्यामुळे अनेकांचा नेमका तोच भाग हुकतो. पारादोरहून मात्र पाचेक मिनिटांची वाट आहे.

सकाळी 8:30 ची पहिली वेळ घ्या. मेंदीच्या चौकात (पातियो दे लोस अर्रायानेस) 34 मीटर लांबीचं तळं आहे आणि कोमारेस बुरूज त्यात उलटा दिसतो. तळ्याच्या दोन्ही टोकांना जमिनीलगत संगमरवराची गोल पात्रं आहेत, तिथे थोडं थांबा. पाणी आधी त्या पात्रात येतं, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मग अरुंद पाटातून ते इतकं हळू तळ्यात उतरतं की प्रतिबिंब हलत नाही. गर्दी वाढली की एवढं बारकाईनं बघायला उसंत मिळत नाही.

रात्रीच्या भेटीचं तिकीट वेगळं असतं. उन्हाळी वेळापत्रकात मंगळवार ते शनिवार, हिवाळ्यात फक्त शुक्रवार आणि शनिवार. मुक्कामाचे वार त्यावरून ठरवलेत तर उत्तम.

खोली घेताना दोन गोष्टी लेखी विचारा. पहिली, खिडकी कुठे उघडते: हेनेरालिफेच्या (सुलतानांच्या उन्हाळी महालाच्या) बागांकडे की आतल्या चौकाकडे? बागांकडची खोली महाग पडली तरी घ्यावी. दुसरी, पलंग. स्पेनमध्ये दोघांच्या खोलीत बऱ्याचदा दोन वेगळे पलंग जोडून ठेवलेले असतात. एकच मोठा पलंग हवा असेल तर ‘कामा दे मात्रिमोनियो’ असं स्पष्ट लिहा.

ही इमारत मुळात फ्रान्सिस्कन मठ होती, आणि तो मठ नासरी काळातल्या राजवाड्याच्या जागेवर उभा राहिला. कास्तियाची राणी इसाबेल 1504 मध्ये वारली, तेव्हा तिचं पहिलं दफन इथेच झालं. 1521 मध्ये अवशेष खाली शहरातल्या राजेशाही चॅपेलमध्ये हलवले. पहिल्या दफनाची जागा आजही पारादोरच्या अंगणात आहे. संध्याकाळी पाहा.

पोचताना चाकांची बॅग ओढत कुएस्ता दे गोमेरेसचा चढ चढायला जाऊ नका. स्टेशनवरून थेट टॅक्सी करा. स्वतःची गाडी असेल तर निघण्याआधी हॉटेलला विचारून घ्या, कारण टेकडीवरची वाहतूक नियंत्रित आहे. महिने म्हणाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. ऑगस्टची दुपार बागेतही सोसवत नाही, आणि ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात भाडी चढतात.

जेवणाचं म्हणाल तर पारादोरच्या गच्चीवर पेय घेऊन हेनेरालिफेकडे बघत बसावं. पोटभर खायला मात्र खाली शहरात उतरावं, कारण ग्रानादात पेयाबरोबर तापास (छोटे खाद्यपदार्थ) फुकट देण्याची पद्धत अजून टिकून आहे. रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं रात्री साडेआठच्या आधी क्वचितच सुरू होतात, तेव्हा सातला जेवायची सवय दोन दिवस बाजूला ठेवा.

दुसऱ्या संध्याकाळी अल्बायसिनला, म्हणजे अलाम्ब्रासमोरच्या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत जा. सूर्यास्ताला सान निकोलासच्या चौकात खांद्याला खांदा लागतो, त्यामुळे तासभर आधी पोचा, किंवा अंधार पडल्यावरच जा. तिथून दारो नदीकाठच्या पासेओ दे लोस त्रिस्तेसवर उतरलात की उजळलेली तटबंदी थेट डोक्यावर दिसते. तिथून कुएस्ता देल रेय चिकोची पायवाट सरळ अलाम्ब्राकडे चढते. चढ तीव्र आहे आणि रात्री उजेड कमी असतो, म्हणून ती वाट दिवसा उतरण्यासाठी ठेवा आणि रात्री परतताना टॅक्सी करा.