लाकडी डाव

आमच्या स्वयंपाकघरातला लाकडी डाव आईच्या रुखवतातला. पातेल्याच्या बुडाला घासून घासून त्याची एक कड सपाट झाली आहे. आमटी वाढायची ती वस्तू आणि खेळातली पाळी, दोन्हींना मराठीत एकच शब्द का, हा प्रश्न मला साठी उलटेपर्यंत पडला नव्हता. तो पडला केंब्रिजमध्ये, कॅम नदीच्या काठी, सतरंजी टाकून भाचीच्या बोटीची वाट बघत असताना.

भाची तिथे वर्षभराच्या अभ्यासक्रमाला होती आणि कॉलेजच्या मुलींच्या तिसऱ्या बोटीत वल्हवायची. वल्हं तिने पहिल्यांदा हातात धरलं पुण्यात, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबात. तो क्लब 1928 सालचा. त्यांच्या रेगाटाला आमचं निम्मं घर मुळेच्या काठावर हजर असायचं. तेवढ्या भांडवलावर बाईसाहेब 'मे बम्प्स'मध्ये उतरल्या होत्या. या शर्यती जूनमध्ये होतात. मग नाव मे का, असं मी विचारलं तर म्हणाली, "मावशी, इथे असं विचारत नाहीत."

कॅम ही नदी म्हणजे आपल्या मुठा कालव्याची थोरली बहीण. आठ जणांच्या दोन लांबलचक बोटी शेजारी शेजारी पळवायच्या म्हटलं तर वल्ह्यांत वल्ही अडकायची. म्हणून 1827 पासून त्यांनी हा तोडगा चालवला आहे: बोटी एकामागे एक लावायच्या, दोन बोटींमध्ये साधारण दीड बोटीचं अंतर, आणि तोफ झाली की प्रत्येकीने पुढचीला गाठायचं. शिवलं की संपलं. दोघींनी मुकाट्याने काठाला व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल करून उभं राहायचं. म्हणजे पाण्यावरची पाठशिवणी. फरक एवढाच की इथे 'राज्य' सगळ्यांवरच. पुढचीला धरायचं आणि मागचीपासून पळायचं, एकाच दमात. एका गटात 17 बोटी. पुढच्या दोघी एकमेकींना शिवून बाजूला झाल्या तर त्यांच्याही पुढची बोट गाठायची मुभा असते, मग एका फटक्यात तीन जागा वर. खालच्या गटातली पहिली बोट वरच्या गटाच्या शेपटीलाही धावते, एकाच दिवसात दोनदा. तिचं नाव सँडविच बोट. काठावरून सायकली पळवत शिट्ट्या वाजवणारे वेगळेच. पुढच्या बोटीशी अंतर कमी होत गेलं की शिट्ट्या वाढत जातात. ऐकायला गंमत वाटते, पण धडक ती धडकच. 1888 साली अशाच एका धडकेत एका विद्यार्थ्याचा जीव गेला आणि त्यानंतर बोटीच्या टोकाला चेंडू बसवायची पद्धत आली.

मला खरं गुंतवलं ते निराळ्याच गोष्टीने. बुधवार ते शनिवार असे चार दिवस हा खेळ चालतो आणि शनिवारी बोट ज्या जागेवर संपते, पुढच्या वर्षी त्याच जागेवरून सुरू होते. पाटी कधी पुसतच नाहीत. भाची ज्या जागेवरून निघाली ती तिने मिळवलेली नव्हती. ती मिळवणाऱ्या मुली कधीच पदवी घेऊन आपापल्या देशी गेलेल्या. कुणी तरी भिजून, कुणी तरी हातांना फोड आणून दोन पायऱ्या वर नेऊन ठेवलेल्या, कुणी तरी एक घालवलेली. वाड्यातली खोली मिळावी तशी ती जागा, आधीच्या बिऱ्हाडाने भिंतीला ठोकलेल्या खिळ्यांसकट. मुलींच्या शर्यती तिथे 1974 पासूनच्या, म्हणून त्यांचा वाडा जरा नवा, एवढंच.

आपल्याकडेही क्रम जपतात. पुण्यात विसर्जनाला पहिला कसबा, दुसरी तांबडी जोगेश्वरी, तिसरा गुरुजी तालीम, चौथा तुळशीबाग, पाचवा केसरीवाडा. तिथे शिवाशिवीचा प्रश्नच येत नाही. लक्ष्मी रोडवर मागच्या मंडळाने पुढच्याला गाठलं तर जागा बदलायची असा नियम केला तर काय होईल, हा विचार मी सतरंजीवर बसल्या बसल्या करून पाहिला. विसर्जन तरी लवकर उरकेल.

बुधवारी मी फेन डिटनच्या वळणाशी बसले. माणसं जेवणाचे डबे, कुत्री आणि आज्या घेऊन आलेली. बोटी आल्या, गेल्या, आमची काही येईना. शर्यत आटोपल्यावर बऱ्याच वेळाने ती सावकाश, गप्प, एखाद्या म्हशीसारखी पाणी कापत आली. सुरुवातीलाच तिला मागचीने शिवलं होतं. तिच्या आधी घरी परतलेल्या जिंकलेल्या बोटींमधल्या मुलामुलींनी काठावरच्या विलोच्या डहाळ्या केसांत खोचल्या होत्या. आमच्या बोटीत हिरवं असं काहीच नव्हतं. गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. मी मात्र जागा बदलली नाही. एक तर पब जवळ होता, आणि सतरंजी एकदा पसरली की पसरली.

चारही दिवस पुढच्याला शिवणाऱ्यांना 'ब्लेड्स' मिळतात. वल्ह्याचं पातं रंगवून, त्यावर सगळ्यांची नावं लिहून ते भिंतीवर मिरवतात. आणि चारही दिवस मार खाणाऱ्यांना 'स्पून्स'. चमचे.

हा लाकडी चमचा मुळात नदीवरचा नव्हे, गणिताच्या परीक्षेतला. केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉसचा निकाल गुणानुक्रमे लागायचा. वरच्या वर्गातले ते रँग्लर. हा शब्द मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. कोकणातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 साली सेंट जॉन्स कॉलेजातून सीनियर रँग्लर झाले, पहिला नंबर दोघांत विभागून. मग फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, मंत्री झाले, तरी आपल्याकडे ते शेवटपर्यंत रँग्लर परांजपेच. मी लहानपणापासून त्या यादीचं वरचं टोक ऐकत आले. खालच्या टोकालाही कुणी तरी असणार, हे डोक्यातच आलं नाही.

तिथल्या पोरांच्या मात्र ते पक्कं डोक्यात होतं. सन्मानाने उत्तीर्ण झालेल्यांत जो शेवटचा, तो कुलगुरूंसमोर पदवी घ्यायला गुडघे टेकायचा, तेव्हा त्याचे दोस्त सिनेट हाउसच्या सज्जातून दोरीने एक भला मोठा लाकडी चमचा खाली सोडायचे. शेवटचा चमचा 1909 चा. त्यानंतर गुणानुक्रमे यादी लावणंच बंद झालं. तो मिळाला कथबर्ट होल्टहाउसला. हा गृहस्थही सेंट जॉन्सचाच आणि तिथल्या बोट क्लबात वल्हवणारा. म्हणून त्याचा चमचा केला होता वल्ह्याच्या पात्याचा, मीटरभराहून लांब, वर ग्रीक ओळी लिहिलेला. पहिल्या नंबराची आणि शेवटच्याची खानावळ एकच, हे वाचून मला त्या कॉलेजाबद्दल उगाच माया वाटली. होल्टहाउसला त्या दिवशी काय वाटलं असेल? नदीवरचा माणूस होता, हसला असेल. मला तरी तो हसला असावा असं हवं आहे.

शनिवारी आमची बोट डिटनपर्यंत आली. पहिल्यांदाच. वळणावर मागून तीन शिट्ट्या झाल्या, मी सतरंजीवर उभी राहिले आणि "पळ गं, पळ!" असं भर गर्दीत मराठीतून ओरडले. भाचीने नंतर शपथेवर सांगितलं की तिला ऐकू आलं. माझ्यासमोर, अगदी वीस हातांवर, त्यांना शिवलं. सुकाणूवरच्या मुलीने हात वर केला. काठावरच्या आज्यांनी टाळ्या वाजवल्या, दोन्ही बोटींसाठी.

रात्री त्यांच्या कप्तानाने प्रत्येकीच्या हातात एकेक लाकडी चमचा ठेवला, बाजारातला, साधा. त्यावर पेनाने चार तारखा. रविवारी भाचीच्या खोलीत पिठलं करायचं ठरलं. ढवळायला दुसरं काही नव्हतं.

"पुढच्या वर्षी किती खालून सुरुवात?" मी विचारलं.

"चार," ती म्हणाली. "पण मी नसेन गं तेव्हा. कुणी तरी पहिल्या वर्षाची असेल बिचारी." मग चमचा पातेल्याच्या कडेवर ठोकून झटकला. "तारखा पुसल्या जातील का गं याने?"

गेल्या होत्या दोन. पिठलं जरा लागलंही होतं बुडाला.