आबांचा पिट्ठू आणि दिवे घाट

कोपरखैरण्याहून बस रात्री एकला सुटली. सगळे आमच्या सेक्टरमधले सातारकर, निम्मे माथाडीतले, मार्केटला खाडा करून आलेले. शेजारी आत्या आणि माझ्या मांडीवर आबांचा, म्हणजे आजोबांचा, पिट्ठू, पाठीवर अडकवायची पिशवी. मिलिटरीतला तो हिरवा कॅनव्हासचा, आता पार पांढुरका पडलाय, एक बक्कल तुटलंय तिथे आजीने नाडी ओवलीय.

खरं तर यंदा आबांनाच घेऊन जायचं होतं. पूर्ण वारी नाही, फक्त पुणे ते सासवड, एक दिवस. नोकरीत असताना आषाढात कधी सुट्टी मिळाली नाही, 1985 ला पेन्शनीत आले आणि तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटला वॉचमन लागले, तिथेही तेच, आणि नंतर गुडघे गेले. मग दरवर्षी टीव्हीसमोर बसून वारी बघायची. गळ्यात माळ नव्हती, मटण सोडलं नव्हतं, कोणी विचारलं की म्हणायचे, "चालायला माळ कशाला लागती, पाय लागत्यात." माघात गेले. बोलता बोलता गेले, आजी चहा गाळत होती.

आबा बेळगावला भरती झाले तेव्हा अठरा वर्षांचे होते. पहिली मराठा, जंगी पलटण. 71 च्या बांगलादेशच्या लढाईत जमालपूरला होते. लढाईबद्दल ते फार बोलायचे नाहीत, पण एक गोष्ट मात्र रंगवून सांगायचे, आमच्या ब्रिगेडियरने शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर समोरच्या पाकिस्तानी कर्नलने उत्तराच्या चिठ्ठीबरोबर बंदुकीची गोळी पाठवली! दुसऱ्या दिवशी, 10 डिसेंबरच्या रात्री, ते लोक वेढा फोडायला अंधारातून बाहेर पडले ते सरळ मराठ्यांच्या अंगावर. इथपर्यंत आले की आबा थांबायचे. त्या रात्रीचं पुढचं काही मी कधीच ऐकलं नाही, मी विचारलंही नाही, विचारायला हवं होतं का ते अजून कळत नाही. एकदम पुढे टांगाईलच्या पुलावर आपले पॅरावाले, पॅराशूटने उतरलेले जवान, भेटले तिथे यायचे आणि मग पायांचं सुरू. ब्रह्मपुत्र ओलांडली, मोजे ओले, बदलायला दुसरे नाहीत, कोणाच्या पायाची कातडी मोज्याबरोबर कशी निघाली. "पोरी, शिपाई पायावर असतो. पाय गेला की बंदूक नुसतं ओझं."

त्यामुळे आमच्या घरात पायांचं फार. मी शाळेत असताना रोज पहाटे मला निसर्ग उद्यानात न्यायचे, तिथे आधी डंपिंग ग्राउंड होतं हे आज कोणाला सांगून खरं वाटत नाही, आणि निघायच्या आधी पायरीवर बसून माझे मोजे उलटे करायचे. कपड्याच्या साबणाची कोरडी वडी घ्यायची आणि टाचेच्या जागी आतून घासायची, कापडावर पांढरा थर येईपर्यंत, मग मोजा सुलटा करून माझ्या पायात चढवायचे आणि अंगठ्याने शिवण चाचपत बोटांपाशी एकही घडी राहू द्यायचे नाहीत. आईला वाटायचं पोरीला लाडावतात. मला लाज वाटायची, साबणाचा वास यायचा ना वर्गात.

हडपसरला पहाटे उतरलो. इथून तुकोबांची पालखी सोलापूर रोडने जाते आणि माउलींची सासवडकडे, आम्ही माउलींबरोबर. गर्दीचं काय सांगू, टाळ-मृदंग पुढूनही आणि मागूनही, आपण चालत नसतो, नेले जात असतो. उरुळी देवाची गेलं आणि आत्या लंगडायला लागली. वारीसाठी म्हणून मुद्दाम नवे शूज घेतलेले, टाचेला हा एवढा फोड. वडकीला रस्त्याकडेला बसलो, एक मुलगा वारकऱ्यांच्या पायांना तेल लावत होता, त्याच्याकडे नंबर लावायचं म्हणत होती, मी म्हटलं थांब. पिट्ठूत जादा मोजे होते आणि साबणाची वडी. मी मोजा उलटा करून घासायला घेतला आणि आत्या बघतच राहिली. मग म्हणाली, आबांना ती दादा म्हणायची, "दादांनी मला कधी नाही लावला गं. मी लहान असताना ते कुठे घरी होते." तिच्या टाचेला पट्टी लावली, मोजा चढवला, शिवण सरळ केली. आम्ही दोघी तिथे रस्त्यावर बसून रडलो, एका माउलीने येऊन न विचारता दोघींच्या हातात केळं दिलं आणि पुढे गेली.

मग घाट. खाली मस्तानी तलाव, वर वळणावळणाने नुसते झेंडे, रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या. आबा म्हणायचे चढावर लांब पावलं टाकू नकोस, पाणी घोटघोट पी, बसलीस तर उठणार नाहीस. तसंच केलं. पिट्ठू पाठीला घट्ट होता आणि मृदंगाच्या ठेक्यावर माझी पावलं आपोआप डावा उजवा पडत होती. माथ्यावर पाऊस आला, आत्याने रेनकोट पिट्ठूवर घातला, स्वतः भिजली.

सासवडला मुक्कामाच्या शाळेत पोचेपर्यंत रात्र. आजीला फोन लावला. दर्शन झालं का, जेवलीस का, काही नाही, पहिलं वाक्य, "पाय कसं हाईत?"

"एक बी फोड नाही आजी. आत्याला एक आला, पण चालली ती."

"साबण लावला व्हता न्हवं?"

"हो."

बराच वेळ आजी काहीच बोलली नाही, मागे टीव्हीवर वारीच चालू होती, ऐकू येत होतं. मग म्हणाली, "मोजं काढ आता. पाय कोरडं कर आन् उशाला पिट्ठू घिऊन झोप, त्ये तसंच झोपायचं."

पिट्ठू अजून ओला होता. तरी घेतला.