ताकेतोमी बेट: निशितोच्या मागावर (जाणाऱ्यांसाठी टिपांसकट)

जपानच्या ओकिनावा प्रांतातल्या ताकेतोमीला लोक जातात ते रेड्याच्या गाडीत बसायला आणि चांदणीच्या आकाराची वाळू शोधायला. आम्हीही दोन्ही केलं, पण मला तिथे खेचलं ते निशितोने. हा इथलाच पोरगा. 1500 साली शेजारच्या इशिगाकी बेटावर ओयाके अकाहाचीने र्‍युक्युच्या राजाविरुद्ध, म्हणजे तेव्हा ओकिनावावर राज्य करणाऱ्या शो शिनविरुद्ध बंड केलं, राजधानी शुरीहून फौज आली, बंड मोडलं आणि परत जाताना निशितोलाही घेऊन गेली. तिकडे गडी दगडकामात असा तयार झाला की शुरीतल्या सोनोह्यान-उताकी ह्या पवित्र राईचं 1519 चं दगडी दार त्यानेच बांधलं म्हणतात, आणि 1524 मध्ये त्यालाच यायेयामा बेटांचा, म्हणजे ताकेतोमी-इशिगाकीच्या ह्या बेटसमूहाचा, कारभारी नेमून घरी पाठवलं.

म्हणून माझं ऐका, सुरुवात ओकिनावाच्या मुख्य शहरापासून, नाहापासून करा. शुरी किल्ल्याच्या वाटेवर, शुरेइमोन ही वेस ओलांडली की डावीकडे ते दार आहे, तिकीट नाही, त्यामुळे लोक सरळ पुढे जातात. थांबा जरा. दारामागे देऊळबिऊळ काही नाही, नुसती झाडी, उताकी म्हणजे आपल्या देवराईसारखीच जागा. राजा प्रवासाला निघताना इथे सुखरूप परत येऊ दे म्हणून प्रार्थना करायचा. वर बघा, लाकडी छताचे वासे दिसतात ना, ते सगळे दगडात कोरलेत. 1945 च्या लढाईत दाराची मोडतोड झाली, नंतर पुन्हा उभं केलं, 2000 पासून जागतिक वारसा यादीत आहे.

नाहाहून इशिगाकी विमानाने तासाभरात, तिथल्या बंदरातून ताकेतोमीची फेरी 10-15 मिनिटांत. बेटावर शिरताना 300 येनचं ऐच्छिक तिकीट आहे, ते घ्याच. बेट सपाट आहे, सायकल भाड्याने मिळते, पण गावातले रस्ते पांढऱ्या प्रवाळी वाळूचे, चाक रुततं, वळणावर सावकाश.

गावात कुनाका-उताकी आहे. शुरीत असताना निशितो सोनोह्यानच्या देवाकडे घरी परतायचं मागणं मागायचा आणि परत आल्यावर तोच देव त्याने इथे आणून बसवला, असं सांगतात. निशितो-उताकी तर त्याच्याच घराच्या जागी, तिथेच त्याची समाधी. म्हणजे राजाचा अधिकारी मेल्यावर गावाचा देव झाला! आत शिरू नका, बाहेरूनच हात जोडा, फोटोचा मोह आवरा.

त्याची कचेरी, कुरामोतो, काइजी किनाऱ्याजवळ होती, आता नुसती जागा उरलीय. बघायला फारसं काही नाही हे आधीच सांगतो, पण तिथे उभं राहिलं की कळतं की एवढ्याशा बेटावरून सगळ्या बेटांचा कारभार हाकणं किती अडचणीचं असणार, पुढे कचेरी इशिगाकीला हलवली ते उगाच नाही. चांदणीची वाळूही ह्याच किनाऱ्यावर, पण इथे पोहायचं नाही, प्रवाह आहेत, पोहायला कोंदोई किनारा.

शाकाहारी मंडळींनी खायचं सोबत न्या, यायेयामा सोबाचा (इथल्या नूडल्सचा) रस्सा डुकराच्या हाडांचा आणि माशाचा असतो, वरून भाज्या घातल्या तरी. उन्हाला टोपी, पावसाळी वादळांच्या महिन्यांत एखादा दिवस हातात जास्तीचा. आणि शेवटची फेरी संध्याकाळी लवकर सुटते, वेळ उतरल्या उतरल्याच बघून ठेवा.