फ्लँज बोल्टनी माझा लॉट परत आणला (माझा अनुभव)

जालन्यात आमचं छोटंसं फॅब्रिकेशन युनिट आहे. मागच्या वर्षी वाळूजच्या एका कंपनीची ॲल्युमिनियम बेसवर पावडर कोटिंगवाले (पावडर रंगाचा थर दिलेले) लोखंडी गार्ड बसवून द्यायची ऑर्डर मिळाली, २०० सेट, आन मी खुशीत की चला आता गाडी रुळावर आली.

ड्रॉइंगवर हेक्स (सहा कोनी डोक्याचा) फ्लँज बोल्ट एम ८, म्हणजे ८ मिमी जाडीचा, ग्रेड ८.८ असं होतं. या बोल्टाला डोक्याखाली वॉशरसारखी चकती अंगचीच असते, एम ८ ला साधारण १८ मिमी रुंद, त्यामुळं वेगळा वॉशर लागत नाही, लाईनवर पोरांचा वेळ वाचतो. मी दुकानात गेलो, म्हटलं काका फ्लँज बोल्ट द्या एम ८ चे, त्यांनी खोकं काढून दिलं, १३ चं सॉकेट बसलं, झालं. पोरांनी इम्पॅक्ट गननं घर्रर्र करून सगळे आवळले.

तिसऱ्या दिवशी फोन, लॉट रिजेक्ट! तिथं क्वालिटीच्या साहेबांनी एक बोल्ट खोलून माझ्या हातावर ठेवला, म्हणले, "अहो, जरा उलटा करून बघा." चकतीच्या खालच्या बाजूला गोलाकार बारीक दाते. सेरेटेड, म्हणजे दातेवाला बोल्ट होता तो! हे दाते आवळताना घसरतात आन सैल व्हायला गेलं की रुततात, हादऱ्यात बोल्ट सुटू नये म्हणून. पण माझ्या गार्डवर प्रत्येक भोकाभोवती कोटिंगचं कडं खरवडून पांढरं लोखंड उघडं पडलं होतं, पावसाळ्यात गंज ठरलेला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्लेन' लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं, कोणाला बोलणार.

मग गार्ड परत कोटिंगला, भाडं खिशातून. नवे प्लेन बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ आन बनवणाऱ्याची खूण दोन्ही बघितलं, सोबत टेस्ट सर्टिफिकेटही मागितलं. पहिला ८ म्हणजे तुटेपर्यंतची ताकद ८०० मेगापास्कल, दुसरा ८ म्हणजे त्याच्या ०.८ पट, ६४० ला तो कायमचा ताणला जायला लागतो, हे मला त्या दिवशी साहेबांनीच समजावलं, एवढी वर्षं नुसता आकडा वाचत होतो राव. इम्पॅक्ट गन बंद केली, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरालाच आवळणारा पाना) आणला, ड्रॉइंगप्रमाणं २५ न्यूटन मीटर, टक आवाज आला की थांबायचं आन पिवळ्या मार्करनं रेघ मारायची. दुसऱ्या खेपेला लॉट पास झाला.

दातेवाले बोल्ट अजून डब्यात होते, त्यातले गावाकडं थ्रेशरच्या पत्र्याला लावले, आख्खी सोयाबीन निघाली तरी एक सैल नाही.