मराठा आरमाराच्या वाटेवर: अलिबाग ते मालवण, आणि मध्ये गिर्ये गोदीचा चिखल

विजयदुर्गच्या जेट्टीवर कोणी ‘पाण्याखालची भिंत दाखवतो’ म्हणाला, तर त्याच्या होडीत पाय ठेवू नका. ती भिंत वरून दिसत नाही. भरतीला नाही आणि ओहोटीलाही नाही. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्रतळावर ती आहे; राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी खाली उतरून मापं घेतली तेव्हा ती सुमारे १२२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच भरली. म्हणजे ती पाहायची तर बुडी मारावी लागते. आम्हाला मात्र “सुकतीक (ओहोटीला) सगळा दिसता, ताई, तुमी बसा” असं सांगून नेलं, गढूळ पाण्याकडे बोट दाखवलं आणि काठावर उतरल्यावर ठरलेल्या भाड्याशिवाय ‘भिंतीचे वेगळे’ मागितले. आमच्यामागून एक म्हातारं जोडपं त्याच होडीत बसलं. त्यांना मी सांगितलं, तरी ते गेले. म्हणून हे आधी लिहिते आहे.

हा प्रवास किल्ल्यांसाठी नव्हता. मराठ्यांची जहाजं कुठे बांधली, कुठे लढली आणि त्यांवरची माणसं कोण होती, हे जागेवर जाऊन पाहायचं होतं. अडचण अशी की किनाऱ्यावरचा प्रत्येक फलक तटाची उंची आणि बुरुजांची संख्या सांगतो. आरमाराबद्दल दोन ओळी, त्याही जुजबी. २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत. गर्दी वाढते आहे, भाडी वाढताहेत, जहाजांबद्दलची माहिती आहे तिथेच आहे.

निघण्यापूर्वी भरतीचं गणित पक्कं करा. कोळी करतात तेच: तिथीचा आकडा घ्यायचा आणि पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे पूर्ण भरती दुपारी आणि रात्री तीनच्या आसपास आणि पूर्ण ओहोटी सकाळी व रात्री नवाच्या आसपास. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. हे अलिबागपर्यंत चोख चालतं. दक्षिणेला मालवणकडे वेळ थोडी अलीकडे सरकते आणि पाण्याची चढउतारही कमी असते. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी असतं, ते पुरेसं उतरत नाही. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया ते चतुर्थी धरा. सकाळी ऊन चढायच्या आत जाऊन येता येतं. घोडागाडीची गरज नाही. ज्यांना चालता येतं त्यांनी चालावं. पाणी परत फिरलं की ‘अजून वेळ आहे’ म्हणणाऱ्या कोणाचंही ऐकू नका.

कुलाब्यावर लोक ज्या चाकांच्या तोफांपाशी फोटो काढतात त्या मराठा आरमार चालवणाऱ्या आंग्र्यांच्या नव्हेत. त्यांवर यॉर्कशरच्या कारखान्याचं नाव कोरलेलं आहे, नीट वाचा. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन या किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. ते डोक्यात ठेवून तटावरून समुद्राकडे पाहा. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांची समाधी अलिबाग गावात आहे. तिथे कोणी नेत नाही, स्वतः जा.

खांदेरीला अलिबागजवळच्या थळहून होडी मिळते. आम्ही विचारलं तेवढ्या माणसांनी तेवढे आकडे सांगितले. भाडं माणशी नसतं, पूर्ण होडीचं असतं, त्यामुळे गट करूनच जा. किती वेळ थांबणार हे निघण्याआधी चारचौघांसमोर बोलून घ्या आणि परत काठावर येईपर्यंत पैसे देऊ नका. बेट लहान, पण आरमाराच्या इतिहासात याच्याइतकं बोलकं ठिकाण दुसरं नाही. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांचे आरमारी अधिकारी मायनाक भंडारी माणसं घेऊन इथे उतरले आणि बांधकाम सुरू केलं. मुंबईच्या तोंडाशी किल्ला उभा राहतोय हे पाहून इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला. ऑक्टोबरात लढाई झाली, त्यांचं ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं, ‘रिव्हेंज’ हे दुसरं झुंजत राहिलं. पण मोठ्या जहाजांना जे जमत नव्हतं ते उथळ पाण्यातल्या लहान होड्यांना जमत होतं. रात्री दाणागोटा आणि माणसं बेटावर पोचत राहिली. १६८० च्या सुरुवातीला इंग्रज माघारी गेले. थळहून होडीत बसलं की ते अंतर अंगावर येतं: अंधारात, वल्ह्यांवर, समोर शत्रूच्या तोफा. हे करणारे भंडारी आणि कोळी होते. त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठेच नाहीत.

हर्णैचे दिवस छान गेले, सुवर्णदुर्ग पाहिला, मासे उत्तम. पुढे.

आता गिर्ये. ज्यासाठी निघालो ते हेच. विजयदुर्गच्या किल्ल्यापासून वाघोटन खाडीत थोडं आत मराठा आरमाराची गोदी आहे, खडकात कोरलेली, सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. चारपाचशे टनी जहाजं इथे बांधायचे, दुरुस्त करायचे. गावात आम्हाला दोघातिघांनी सांगितलं की ओहोटीला काठाकाठाने सरळ चालत जाता येतं. हे खोटं आहे. पहिला टप्पा खडकाचा, तो ठीक. पुढे खारफुटी सुरू होते आणि चिखल आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत येतो. बूट त्यात अडकतात, अनवाणी गेलात तर शिंपले आणि कालवांच्या कडा तळवे कापतात. काठीने खोली पाहत, एकेक पाय उपसत जावं लागतं. भर उन्हात त्या पट्ट्यात जो वेळ गेला त्यात किल्ला दोनदा फिरून झाला असता. आमच्यातला एकजण रोजचा ट्रेकर आहे, तोही बसला. ज्यांना सह्याद्रीचे कडे जमतात त्यांनी इथे फुशारकी मारू नये, हा प्रकारच वेगळा आहे. गिर्ये गावाकडून रस्त्याने या, स्थानिक माणूस सोबत घ्या आणि जांभ्याच्या उतारावरून खाली उतरा. दुसरी वाट नाही.

आणि तरीही सांगते, सबंध किनाऱ्यावर एकच जागा पाहायची असेल तर हीच पाहा. गाळ भरलाय, बांधकाम बरंचसं वाहून गेलंय, फलक नजरेला पडला नाही. पण गोदीच्या काठावर उभं राहिलं की सगळं आरमार समजतं. खाडीचं वळण, कमी खोली, समोर किल्ला. खोल बुडाची इंग्रजी जहाजं इथवर शिरणं कठीण. मराठ्यांच्या गुराबा, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, मात्र दोनतीन डोलकाठ्यांच्या, उथळ बुडाच्या. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, बुटकी आणि पुढे निघालेली, तिच्यावरून समोर मारा करणाऱ्या तोफा. वारा पडला की गलबतं चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर त्यांना ओढत न्यायची. शत्रूचं उंच जहाज वाऱ्याविना जागेवर अडकलेलं असताना त्याच्या मागच्या बाजूला जाऊन मारा करायचा, हा त्यांचा डाव. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात जहाजांच्या लाकडासाठी आंबा-फणसाची झाडं रयतेच्या संमतीवाचून तोडू नयेत असं बजावलं आहे. या गोदीत उभं राहून ते आठवलं आणि मला आनंदाने रडू आलं. लढणाऱ्या आरमाराने परसातल्या फणसाचा विचार करावा, हे मला कुठल्याही तटबंदीपेक्षा मोठं वाटतं.

हीच खाडी फेब्रुवारी १७५६ मध्ये पेटली. इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून, पेशव्यांची फौज जमिनीवरून. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्या ताफ्यातल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर गोळा पडला. हे जहाज त्यांनी इंग्रजांकडूनच घेतलेलं होतं. आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि आरमार जळालं. पेशव्यांनी आपल्याच हाताने ते जाळायला मदत केली, हे मला माफ करता येत नाही. विजयदुर्गवर याची वाच्यता न करता फक्त चिलखती तटांचं कौतुक ऐकवणारे वाटाडे घेऊ नका. पुढे आनंदराव धुळपांनी इथूनच पेशव्यांचं आरमार चालवलं आणि १७८३ मध्ये इंग्रजांचं ‘रेंजर’ हे जहाज पकडलं. धुळपांचा वाडा गावात आहे. परवानगी मागूनच आत जा.

मालवणात तिकीट ठरलेलं असतं, फसवणूक नाही, पण होडीवाले सिंधुदुर्गावर तासाभराचाच वेळ देतात. तो अजिबात पुरत नाही. पहिल्या होडीने जा आणि नंतरच्या होडीने परतायचं आधीच ठरवून घ्या. शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी सगळेच दाखवतात. तुम्ही तटावर चढून शेजारच्या लहान पद्मगड किल्ल्याकडे आणि मधल्या खडकांच्या रांगांकडे पाहा: १६६५ मध्ये शिवाजी महाराज स्वतः जहाजांवर चढून कर्नाटक किनाऱ्यावरच्या बसरूरला गेले ते याच पाण्यातून, किल्ल्याचं काम अजून सुरू असताना. पावसाळ्यात होड्या बंद असतात. खांदेरी तर समुद्र जरा खवळला तरी रद्द होते, तेव्हा थळसाठी एक दिवस राखून ठेवा. गिर्येला जुने बूट न्या, परत आणायची आशा ठेवू नका, आणि पिण्याचं पाणी दुप्पट घ्या, कारण त्या काठावर सावली नाही.